दम धरायची सवय

५ जाने., दिंडोशी
गुडघ्याने कबड्डी सोडायला लावली, आता तोंड दगा देतंय. आज मालाडच्या स्टुडिओत कॉमेंट्रीची पहिली मॅच. कुणी चढाईला निघाली की मी गप्प. अख्खी चढाई. हेडफोनमध्ये केतकी, प्रोड्युसर, "संध्याताई, बोला ना!" काय बोलू? दम धरलेला, ओठांवर कबड्डी-कबड्डी चालू. इतकी वर्षं तेच केलं. मध्ये दुसरा शब्द काढला की चढाई गेली. आता खुर्चीत बसलेय हे शरीराला कोण सांगणार.

७ जाने.
परत तेच. केतकी हळू आवाजात म्हणाली, "शुक्रवारी शेवटचा चान्स. वरून फोन येतायत." वाट लागली. संतोष म्हणतो, दुसरं काहीतरी बघू. नवरा प्रेमानेच बोलला, तरी डोकं फिरलं माझं. दुसरं नकोय. मला मॅचच्या जवळ राहायचंय, बस.

८ जाने.
जुन्या मॅचेस लावून सराव. आई शेजारी. मी गप्प झाले की पाठीत धपाटा. "श्वास घे गं बये." संध्याकाळी जमायला लागलं. पाठ लाल.
रुपालीचा फोन. उद्या तीच खेळतेय. चढाई तिला मीच शिकवली. "ताई, डावा गुडघा कुरकुरतोय. कोचला बोलले नाही, तू पण बोलू नको हं." पट्टी घट्ट बांध म्हटलं. टेन्शनमध्ये होते, जास्त विचारलंच नाही.

९, शुक्र.
जमलं. एकदाही थांबले नाही.
शेवटची चढाई रुपालीची. जादा गुणासाठी बोनस रेषेपार पाय टाकला, गुडघा आत वळला. मला दिसला. वर तिघी पडल्या. आणि मी बोलतेय, "काय पकड आहे! झकास!" ती मॅटवर कळवळत होती, मी स्कोअर सांगत होते.
केतकीने मिठी मारली. जेवण गेलं नाही.

१०, शनि.
रुपाली हॉस्पिटलात. लिगामेंट गेलंय, ऑपरेशन करावं लागेल. दुपारी तिचाच फोन. कुणीतरी क्लिप दाखवलेली.
"ताई, गुडघा वळलेला तुला दिसला होता ना?"
हो म्हटलं. तिने फोन ठेवला.
मग केतकीचा मेसेज. पूर्ण सीझन मिळाला, उद्या सकाळी सहीला ये.
हवंय मला हे. लाज वाटतेय, तरी हवंय. उद्या आधी मालाड की आधी हॉस्पिटल, ठरत नाही.