पट्ट्यात दोन बोटं

३ फेब्रुवारी, मंगळवार

रिळूचं डोकं सीटच्या वर आलं! पाळणाघरातून आणताना सिग्नलला मागे वळून बघितलं, तर केसांचा शेंडा कडेच्या वर चांगला बोटभर. अडीच वर्षं या पोरीच्या वाढीपायी जीव टांगणीला. मुळात चणीनेच लहान. डॉक्टरीणबाई दर वेळी "तिच्या तिच्या चालीने वाढेल हो" म्हणतात आणि वाटेला लावतात. आणि आज बघते तर वाढली की! घरी आल्या आल्या टेप लावली, सेंटीमीटरच्या बाजूने. चौऱ्याऐंशी. मी इतकी हसले की रिळूही हसायला लागली, कशाला हसतोय ते तिला ठाऊक नाही.

म्हणजे आता गाडीत मोठी सीट हवी. ही नणंदेने दिलेली, तान्ह्या पोरांची. नवरा म्हणाला, "एकदाच काय ती मोठी घे, शाळेत जाईपर्यंत चालेल अशी." लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस — त्याला सगळं एकदाच बसवून मोकळं व्हायचं असतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

सीटच्या दुकानात दोन तास! सीटवाल्या बाई शांत आहेत, पण ऐकून घेणाऱ्या नाहीत. रिळूला आधी भिंतीवरच्या पट्टीला उभं केलं, मग वजन, मग तीन सीटांमध्ये बसवून पाहिलं. पहिली सोफ्याएवढी, रिळू आत दिसेनाशी झाली. मला तीच आवडली! म्हटलं, "हीच द्या, वर्षभरात भरेल त्यात."

बाई म्हणाल्या, "कपड्यासारखं नसतं हो ताई. आज जेवढी आहे, तेवढीला बसली पाहिजे."

मी शिवणकाम करते हे त्यांना कसं कळलं? टेप गळ्यात तशीच राहिली होती. नवरा खो खो हसला.

शेवटी तिसरी घेतली. ती दोन्हीकडून लागते. आधी उलटी, म्हणजे पोराचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. मोठं झालं की सुलटी. नवऱ्याचं सुरू, "आत्ताच सुलटी लावू ना, पाय दुमडतात बिचारीचे." बाई म्हणाल्या, "पाय दुमडू देत. मान सांभाळायची." संपला विषय.

मग पट्टे. दोन खांद्यांवरून येतात, पोटाशी अडकतात. पायाशी एक शेपटी लोंबते, ती ओढली की घट्ट. वरची कळ दाबून पट्टे ओढले की सैल. बाई म्हणाल्या, "घट्ट करून खांद्याशी चिमटीत धरून बघायचं. घडी आली, तर सैल आहे. रोज बघायचं. सैल राहिला तर धक्क्याला पोर वर सरकतं, डोकं बाहेर येतं."

माझी चिमटी! वीस वर्षं मी चिमटीत कापड धरून पोट भरलंय. आणि इथे चिमटीत काही आलं नाही पाहिजे म्हणे.

८ फेब्रुवारी, रविवार

दर रविवारी रिळूला मोजायचं, हे ठरलेलं. चौऱ्याऐंशी.

सकाळी एक बाई मुलाची पँट घेऊन आल्या, "अगदी मापात करा हं, सैल नको." मी मान हलवली आणि आत दोन बोटं दुमड सोडलीच. पोराच्या कपड्यात वाढीचं न सोडता मला कात्रीच चालवता येत नाही. आईचं वळण. आईनेही जन्मभर हेच केलं, डाव्या हाताने. तिची कात्री वेगळी, तिचे टाके डावीकडे झुकलेले, दोरा ओढायची तोही डावीकडे. तोंडात सतत टाचण्या, त्यामुळे कामात असली की तोंड मिटून "म्म म्म" करूनच बोलायची.

एकदाच तिने पोराचं काही अगदी मापात शिवलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीचा फ्रॉक. कापड कमी पडलं, वाढीचं राहिलंच नाही. पुढच्या महिन्यात धाकटीला ताप आला. त्यातच ती गेली, तो फ्रॉक तिला कधी आखूड झालाच नाही. त्यानंतर पोराच्या कपड्यात दोन बोटं सोडल्याशिवाय आईने सुई उचलली नाही. रिळू पोटात होती तेव्हा आई गेली. जाताना मला म्हणाली होती, "तुझ्या पोरीचं मी बघीन." तेव्हा मी रडले होते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पट्टा सैल! पाळणाघरापाशी रिळूला उतरवताना सवयीने चिमटी लावली, तर घडी आली. दोन बोटांची. सकाळी मी स्वतः घट्ट केला होता, बघितला होता. नवीकोरी सीट आणि चार दिवसांत ढिली? बाईंना फोन केला. "कळ खराब असेल, घेऊन या."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कळ ठीक आहे. बाईंनी वीस वेळा ओढून दाखवला, ढिम्म हलत नाही. घरून निघताना घट्ट. पाळणाघरापाशी — दोन बोटं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

उलट्या सीटसमोर, गाडीच्या मागच्या बाकावर डोकं टेकायची उशी असते तिला, एक छोटा आरसा लावलाय, म्हणजे गाडी चालवताना मला रिळूचं तोंड दिसतं. रिळूला त्यात ती स्वतः दिसते आणि तिच्यामागची गाडी. आज ती त्या आरशाशी बोलत होती. "म्म. म्म म्म." तोंड मिटून.

म्हटलं, "काय गं ते?"

"आजी बोलते तशी."

"कुठली आजी?" सासूबाई तर भडाभडा बोलणाऱ्या, तोंड मिटून राहणं त्यांना शिकवलंच नाही कुणी.

"आरशातली आजी. तिच्या तोंडात टाचण्या. पिवळी टेप." मग जरा विचार करून, "तुझी पांढरी."

गाडी बाजूला घेतली. मागे कोणी नाही. कोण असणार! आईचा फोटो घरात एकच, कपाटात, आणि त्यात ती चांगली साडी नेसून ताठ उभी. टेप नाही, टाचण्या नाहीत. रिळूला हे सांगितलं कुणी? पिवळी टेप आईबरोबरच गेली. मी स्वतः तिच्या उशाशी ठेवली होती.

२२ फेब्रुवारी, रविवार

मोजली. चौऱ्याऐंशी. तीन आठवडे झाले, केसभर हलली नाही. नवरा म्हणतो, पोरं टप्प्याटप्प्याने वाढतात. मला कळतं हो. पण त्या मापात बसवलेल्या सीटकडे बघितलं की धाकटीचा फ्रॉक आठवतो. अगदी मापात. वाढीचं काही नाही.

पट्टा आजही सैल होता.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज रिळूला सोडल्यावर गाडीत एकटी बसले आणि बोलले. मोठ्याने! बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, कामातून गेली ही. "आई, तूच करतेस ना हे? इथे सोडायचं नसतं गं वाढीचं. इथे सोडलं तर पोर जाईल माझी. ऐक ना! तू धाकटीचं मनावर घेतलंस, मी आता काय करू? सोड तो पट्टा." चिडून, रडून, सगळं. आरशात फक्त रिकामी सीट. पट्टे लोंबत होते, एक डावा जरासा जास्त.

नंतर लाज वाटली. पण जरा हलकंही वाटलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटी नवऱ्याला सगळं सांगितलं. आजीचंही. तो हसेल असं वाटलं होतं, हसला नाही. म्हणाला, "आधी यंत्र बघायचं, मग माणूस बघायचं, मग राहिलंच तर बाकीचं." लिफ्टच्या खड्ड्यात सोडायचा त्याचा एक छोटा कॅमेरा आहे. तो मागच्या सीटच्या वर चिकटवला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज रिळूला घेऊन बाजाराची एक चक्कर मारली, मग दोघांनी मिळून बघितलं.

मी रिळूला बसवते. पट्टे अडकवते. शेपटी ओढते, घट्ट. चिमटी लावते, नाही येत घडी. मग तिच्या फ्रॉकची कॉलर सारखी करते. आणि — माझा उजवा हात कळीवर जातो. दाबतो. दुसऱ्या हाताने पट्टा ओढते, दोन बोटं आत घालून बघते, थोपटते. दार लावते.

मीच!

मला काही म्हणजे काही आठवत नाही. चेहराही वेगळाच माझा, काम मनासारखं झाल्यासारखा. फ्रॉक ग्राहकाला देताना असतो तसा. मी नवऱ्याला म्हटलं, "मारत होते की रे मी तिला." तो म्हणाला, "वेडी आहेस का? हाताला सवय असते. मी पण आपल्या घराच्या दारात आधी पाय अडवतो, लिफ्टसारखं दार बंद होईल म्हणून." खरंच अडवतो.

आई, तुझ्यावर उगाच ओरडले गं.

१ मार्च, रविवार

चौऱ्याऐंशी.

ठरलं. सकाळी रिळूला नवरा बसवणार. संध्याकाळी पाळणाघरातल्या ताई. मी फक्त गाडी चालवायची, मागच्या दाराला हात लावायचा नाही. कानाला खडा!

५ मार्च, गुरुवार

पट्टा तीन दिवस घट्ट. चला, मिटलं. फक्त रिळू आरशात बघून अजून "म्म म्म" करते. मी विचारलं, "आजी काय करते आता?"

"बसते. तुझ्याकडे बघते."

रिळूकडे नाही. माझ्याकडे. मला ते आवडलं नाही.

९ मार्च, सोमवार

लिहिण्यासारखं नाही आजचं. पण लिहिते.

पहाटेच नवऱ्याला बोलावणं आलं, कुठल्या तरी इमारतीत लिफ्ट अडकलेली. रिळूला मलाच बसवावं लागलं. मोठ्याने बोलत बसवलं, "घट्ट. चिमटी. नाही येत. झालं. हात मागे." हात मागे घेतले. मला पक्कं आठवतंय.

पुलावर समोरचा टेम्पो एकदम थांबला. मी ब्रेक दाबला, पण उशीर झाला. लोखंडी नळ्या भरलेल्या होत्या त्यात, दोन माझ्या बॉनेटवरून घसरत काचेत घुसल्या. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेत.

रिळूला ओरखडासुद्धा नाही! कडेच्या पंक्चरवाल्याने धावत येऊन दार उघडलं. म्हणाला, "पट्टा सोडवता येईना हो, बोट शिरत नव्हतं आत." मी त्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. रिळू म्हणत होती, "आई, परत कर. परत धाड कर."

१० मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी दोघींना तपासलं. मला मानेला पट्टा, रिळूला एक फुगा.

तिथून थेट सीटच्या दुकानात. धडक बसलेली सीट परत वापरायची नसते म्हणे, आतून तडकलेली असते. बाईंनी जुनी उलटून दाखवली. पाठीत मोठी चीर. म्हणाल्या, "ताई, पट्टा अगदी मापात होता म्हणून. दोन बोटं सैल असता ना, तर..." मी म्हटलं, "शिकले मी. उशिरा का होईना." अभिमानच वाटला स्वतःचा!

रिळूला भिंतीच्या पट्टीला उभं केलं. पंच्याऐंशी! मी बाईंना परत एकदा मोजायला लावलं. परत पंच्याऐंशी.

नवी सीट तशीच घेतली, सध्या नणंदेच्या गाडीत उलटीच लावली. येताना रिळू म्हणाली, "आजीने काल टाचण्या काढल्या."

"कुठून?"

"तोंडातून. आणि बोलली."

"काय बोलली?"

"बास आता."

११ मार्च, बुधवार

कॅमेरा आमच्या गाडीतच राहिला होता, चालू. परवाचं बघितलं. एकटीने.

मी पट्टा घट्ट करते. चिमटी लावते, नाही येत. "हात मागे" म्हणते. मग कॉलर सारखी करते, आणि उजवा हात कळीवर. परत! दोन बोटं सैल. थोपटते. दार लावते, पुढे येऊन बसते, गाडी निघते. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतात.

पूल येतो. रिळूच्या पायाशी लोंबणारी शेपटी हलते. ताठ होते. मग कुणी ओढावी तशी सावकाश ओढली जाते, डावीकडे तिरकी, दोन बोटं संपेपर्यंत.