फेस येतो म्हणजे साबण नव्हे

अक्का, गेले चार दिवस माझा डावा डोळा बांधलेला आहे. मोतीबिंदू काढला, इथे जळगावातच, घरापासून दोन गल्ल्या सोडून. काल सकाळी एका डोळ्याने चहा गाळायला गेले आणि निम्मा चहा कपाबाहेर, ओट्यावरून थेट पायावर. सून धावत आली, म्हणाली, ‘आई, राहू द्या, मी गाळते.’ मी तिच्यावर खेकसले, ‘हात लावायचा नाही!’ बिचारी मागे सरली आणि मला कळलं की हा आवाज माझा नव्हेच, तुमचा आहे. धुळ्याच्या इस्पितळात, बायकांच्या वॉर्डामागच्या खोलीत तुम्ही असाच बशीभर चहा सांडायचात आणि कुणी किटली धरायला गेलं की असंच अंगावर यायचात. आता म्हणाल, स्वतःचा डोळा बांधल्यावर बरी माझी आठवण झाली! झाली तर झाली. मी काही रडगाणं गायला बसलेली नाही. मी तुमच्याशी भांडायला बसले आहे.

साबणाच्या बाबतीत मी बरोबर होते, हे आधी सांगून टाकते. तेव्हाही होते, आजही आहे. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी भडगावकडची शेतकऱ्याची मुलगी, मॅट्रिक होऊन नर्सिंग शिकायला आलेली, तेही घरच्यांच्या मनाविरुद्ध. निघताना बाप म्हणाला होता, ‘तठून नाव कटनं ते सरळ मांडवमा उभी करसू.’ म्हणजे इस्पितळातून नाव कटलं की बोहल्यावर. तुम्ही वॉर्डाच्या सिस्टर, पण डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे तुम्हाला अक्काच म्हणत. तुमच्या वॉर्डात दोनच देव होते, लाल साबण आणि काळी वही. साबणाने कोपरापर्यंत हात घासल्याशिवाय तुम्ही आम्हाला खाटेजवळ फिरकू देत नव्हता. आणि वहीत काय काय लिहायचं! कुणाची पट्टी कधी बदलली, कुणाला ताप किती, आणि कुणाच्या हातून काय चुकलं ते तिने स्वतःच्या अक्षरात. ‘चुकलीस तर लिही,’ तुम्ही म्हणायचात, ‘चुकून गप्प बसणारी मला माझ्या वॉर्डात नको. घाणेरडा हात धुता येतो गं, खोटी वही धुता येत नाही.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

मग जखमेतले जंतू मारणारं ते नवं औषध आलं. सेट्रिमाइड. मोठी तपकिरी बाटली, आत घट्टसर पिवळट पाणी, जरासं हलवलं की फेसच फेस. म्हाताऱ्या आयाबाईने बघताक्षणी निकाल दिला, ‘हाऊ साबणच शे.’ आणि अक्का, तुम्हीसुद्धा तिचंच ऐकलंत! फेस येतो म्हणजे साबणाचाच भाऊ, आणि भाऊ-भाऊ एकत्र आले की जोर दुप्पट, असा हिशेब करून तुम्ही ते साबणाच्या पाण्याच्या बादलीतच ओतायला लागलात. जखमा त्याच पाण्याने धुवायच्या, चिमटे-कात्र्या त्यातच बुडवायच्या. बाटलीच्या खोक्यात एक इंग्रजी कागद होता. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीने मी तो चार दिवस कुथत वाचला आणि जे कळलं नाही ते जाऊन धाकट्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सोपं करून सांगितलं. दिसायला दोघं सारखे, पण स्वभाव नेमका उलटा. हे साबणाला भेटलं की दोघं एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि दोघंही कामातून जातात. म्हणून साबण लावलात तर आधी भरपूर पाण्याने धुऊन काढायचा, मग हे वापरायचं. आणि बाटलीतलं नुसतं, पाणी न मिसळलेलं, कातडीला भाजतं, डोळ्यात गेलं तर डोळा जातो, पोटात गेलं तर जीवच.

मी तुम्हाला सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं, ते चुकलं असेल, पण तीन नंबरच्या खाटेवरच्या बाईकडे बघून माझ्याने राहवेना. कापसाच्या जिनमध्ये, सरकी काढायच्या यंत्रात, तिचा हात गेला होता, दोन बोटं तिथेच राहिली, उरलेल्या हाताला वास मारायला लागला होता. रोज पट्टी सोडताना ती एकच विचारायची, ‘अक्का, हात ऱ्हाई का मना? मनं बठ्ठं काम ह्या हातवरच शे.’ म्हणजे हात राहील का माझा, सगळं काम ह्याच हातावर आहे. आणि आपण तिचा हात त्या निकामी पाण्याने धूत होतो! तुम्ही काय म्हणालात आठवतं? ‘उचलली जीभ लावली टाळ्याला! चार इंग्रजी अक्षरं वाचता आली म्हणून मला शिकवतेस? तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी साबणाने जखमा धुते आहे.’ आठ दिवस मला वॉर्डाच्या मोऱ्या घासायला लावल्यात. मी घासल्या. पण रोज सकाळी तीन नंबरसाठी वेगळं घमेलं घेतलं, उकळून गार केलेल्या पाण्यात कागदावरच्या मापाने औषध घातलं आणि तिचा हात त्याने धुतला. साबणाचा थेंब लागू दिला नाही. हो, तुमच्या चोरून. वहीत मात्र लिहीत होते, रोज, स्वतःच्या अक्षरात. तुम्ही वाचत नव्हतात, याला मी काय करू?

नवव्या दिवशी तुम्ही ते घमेलं पाहिलंत. मला आजही सगळं समोर दिसतं. तुम्ही एका हाताने घमेलं मोरीत पालथं करता, बादलीत साबणाचं पाणी तयारच आहे, दुसऱ्या हाताने फळीवरची ती तपकिरी बाटली खाली घेता. मी म्हणते, ‘अक्का, नका ओतू.’ तुम्ही म्हणता, ‘बाजूला हो.’ मी बाजूला होत नाही. मी बाटली धरते आणि हिसकते. तिचं काचेचं झाकण आठवडाभरापूर्वी फुटलेलं, त्या जागी तुम्ही कुठलंसं बूच बसवलेलं. ते उडतं. थोडं माझ्या मनगटावर आणि बाकीचं तुमच्या उजव्या डोळ्यात.

तुम्ही किंचाळला नाहीत. ‘पाणी,’ म्हणालात. ‘नुसतं पाणी. घड्याळ बघ, मी सांगेपर्यंत थांबायचं नाही.’ मी तुम्हाला मोरीवर वाकवलं, दोन बोटांनी पापण्या फाकवून धरल्या आणि तांब्यामागून तांब्या ओतत राहिले. घाईघाईत निम्मं पाणी तुमच्या कानात जात होतं. आणि त्यातही तुम्ही काय म्हणावं? ‘साबण लावू नकोस हं, म्हणे चालत नाही.’ अक्का, त्या क्षणी मला हसू आलं आणि हसता हसताच मी भोकाड पसरलं. तुम्ही ओरडलात, ‘रडायचं नंतर, आधी तांब्या भर.’

डोळा वाचला म्हणायचा तर वाचला, नजर गेली. बुबुळावर पांढुरका पडदा आला तो कायमचा. तीन दिवसांनी तुम्ही पट्टी बांधूनच वॉर्डात आलात, वही मागवलीत आणि मान वाकडी करून लिहिलंत, ‘औषध काढताना माझ्या हातून बाटली निसटली. डोळ्यास इजा. बूच बरोबर बसले नव्हते.’ खाली सही. मी वाचलं आणि तुमच्यामागे खोलीत आले. म्हटलं, ‘अक्का, हे खोटं आहे. बूच तुमचं होतं, पण हिसका माझा होता.’ तुम्ही म्हणालात, ‘मोठ्या डॉक्टरांनी विचारलंय कोण होतं म्हणून. खरं लिहिलं तर तुझं नाव उद्या कटतं. मग इथे साबण आधी धुवायचा हे कोण सांगणार? मी? मला तर परवापर्यंत पटलं नव्हतं.’ आणि लगेच, ‘जा, तीन नंबरची पट्टी बदल. तुझ्याच पाण्याने.’ तिच्या हाताचा वास हळूहळू गेला, जखम सुकली. तीन बोटांचा हात जोडून ती घरी गेली.

आता भांडण ऐका. तुम्ही मला वाचवलंत, कबूल. माझं शिक्षण पुरं झालं, नोकरी लागली, हे घर उभं राहिलं, सगळं त्या तीन ओळींवर. पण विचारलंत का मला? जन्मभर आम्हाला खरं लिही, खरं लिही म्हणून पिडलंत आणि वेळ आली तेव्हा माझं खरं माझ्या हातून काढून घेतलंत. माझी चूक होती ती, अक्का, माझ्या मालकीची! तुम्ही ती परस्पर स्वतःच्या नावावर केलीत आणि वर मला उपकाराखाली ठेवलंत. त्याचा राग मला तेव्हा आला होता आणि अजून गेलेला नाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हासुद्धा मी आधी रागावलेच, मग रडले.

पुढे जळगावला वॉर्ड माझ्या हाती आला तेव्हा मी तुमच्यापेक्षा कडक झाले. भरलेली बाटली छातीच्या वर ठेवायची नाही. तिच्या गळ्याला लाल चिंधी, म्हणजे पाणी न मिसळलेलं. बूच चालणार नाही, काचेचंच झाकण. औषध पाण्यात घालायचं, तेही तोंड लांब ठेवून. पिण्याच्या बाटलीत ते कधी भरायचं नाही, आणि साबण आधी धुऊन काढायचा, स्वच्छ, पुन्हा स्वच्छ. मुली पाठीमागे मला ‘लाल चिंधी’ म्हणायच्या. म्हणू देत. माझ्या वॉर्डात एकीचाही डोळा गेला नाही. आणि चुकलेलं तिने तिच्या अक्षरात लिहायचं. तिच्या वतीने मी एक ओळ कधी लिहिली नाही. दोघींना त्यापायी बोलणी खावी लागली, एकीची बदली झाली. मी त्यांच्यासाठी साहेबांशी कडाकडा भांडले, पण वहीला हात लावला नाही. बघा, असंही वाचवता येतं माणसाला.

त्या बदली झालेल्या मुलीने जाताना मला विचारलं होतं. रडत नव्हती, सरळ डोळ्यांत बघून म्हणाली, ‘बाई, तुम्ही कधी स्वतःची एवढी मोठी चूक वहीत लिहिली आहे का?’ मी म्हटलं, ‘हो. शिकत होते तेव्हा. धुळ्याला.’ तिचा चेहरा जरा निवळला. नमस्कार करून गेली.

तुमच्यापाशी लपवून काय उपयोग, अक्का? तो हिसका मी तीन नंबरच्या हातासाठी मारला असं मी आजवर स्वतःला सांगत आले. त्या घडीला ती बाई माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती. आठ दिवस मोऱ्या घासल्या होत्या आणि मला तुम्हाला हरवायचं होतं. हे आज लिहिलं, माझ्याच अक्षरात, एका डोळ्याने, ओळी वाकड्या गेल्यात. पण त्या हिसक्याबद्दल वहीत माझं एक अक्षर नसताना त्या मुलीला मी हो म्हटलं होतं, आणि ती ते खरं मानून गेली.