आईला ताप आहे, असं मी म्हणाले

१८ एप्रिल २०१४
झरी गावातलं लग्न लावून आई आज परतली. तीन दिवस गाऊन आवाज बसलाय, तरी खूश. आई धवलेरी; तिच्या गाण्याशिवाय आमच्या पाड्यात लग्न लागत नाही. मागे सूर धरायला शेजारच्या लाडक्याकाकाची संगी. आई म्हणाली, "दोन वर्सां जाऊ दे, मंग संगीच लगीन लावील. मी नुसती बसन." मी म्हटलं, गाणी वहीत उतरवून घेऊ? "वही काय गाणार?" अंगणवाडीची बाई असून घरात माझी किंमत ही.

६ सप्टेंबर २०१५
भरत कंपनीतून सुटला की तलासरीला, मंडळाच्या बैठकीला. माझा धाकटा भाऊ, आता भाषणं करतो. आपल्या रिती वाचवायच्या म्हणे. आज यादी आणली, रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या घरांची. त्यांच्या शेतावर जायचं नाही, त्यांना बोलवायचं नाही, त्यांच्या हातचं खायचं नाही. यादीत लाडक्याकाका! प्रार्थनेने काकीची फिट थांबली म्हणून जातात ते. घरातले देव जागेवर आहेत, मी स्वतः पाहिलेत. तसं बोलले तर, "तू मध्ये पडू नको, ताई."

२१ फेब्रुवारी २०१६
आजपासून संगीचं लग्न. मुलगा घोलवडचा. काका सकाळीच आईला न्यायला आला. ओट्यावर भरत आणि मंडळाचे चौघे. काल भरतने आईला सांगून टाकलेलं, तू गेलीस तर मी या घरात नाही. आई म्हणाली, "माना बरां नाय." काकाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो, ताप आहे."
मला कोणी विचारलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी
दुसरी धवलेरी आली नाही. मंडळवाले तिच्याही घरी जाऊन आले होते. शेवटी प्रार्थनेच्या माणसाने संगीचं लग्न लावलं. काकाकडचे इतके दिवस नुसते प्रार्थनेला जात होते, आता पुरते तिकडचे झाले. भरत म्हणतो, "बघ, मी सांगत होतो ना!" कपाळावर हात मारून घ्यावा.
आई तीन दिवस नाचणी निवडत होती. एवढी नाचणी घरात नाहीच. निवडलेलीच पुन्हा निवडली.

१० एप्रिल २०१७
उधव्याहून लग्नाचं बोलावणं. आई नाही म्हणाली, गळा चालत नाही म्हणे. संगीच्या लग्नानंतर हे तिसरं. लोक म्हणतात, वय झालं. तिथे आता डीजे लावणार आहेत.

१४ डिसेंबर २०१७
अंगणवाडीत खिचडी वाटायला काकाची सून मदतीला आली. तीन वर्षांच्या रूपीने ताटली मागे घेतली. "त्यांच्या हातचा नको." यादी आली तेव्हा ही पोर रांगत असेल. ओरडायला तोंड उघडलं, पण कोणावर...

२ नोव्हेंबर २०१८
मंडळाचं ऑफिस बंद होऊन तिथे मोबाइलचं दुकान आलंय. अध्यक्षाने हायवेला धाबा टाकला. भांडी घासायला कोण, तर लाडक्याकाकाचा मुलगा! त्याच्या हातचं आता चालतं. भरतला म्हटलं, मग ते सगळं कशाला केलं? "ते तेव्हाचं होतं, ताई." आमच्या बायका अजून प्रार्थनेच्या घरांतल्या बायका विहिरीवरून गेल्यावरच पाण्याला जातात.

२८ एप्रिल २०१९
भरतचं लग्न ठरलं, मुलगी झरीची. तिच्या माणसांना लग्न रीतीनेच हवं. आई म्हणाली, "मी लावन. पन मागं संगी पायजे." भरत म्हणाला, दुसरी बाई आणतो. "आण. मंग आई पन दुसरीच आण."
खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

६ मे
भरतबरोबर घोलवडला जाऊन आले. संगी वाडीत चिकू खोक्यात रचत बसलेली. उठली नाही. बसूनच पाण्याचा तांब्या पुढे केला. भरतने खाली मान घालून सांगितलं, चुकलं माझं. मला वाटलं नव्हतं तो म्हणेल. संगी चिकू रचत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, माना आथा एकही गाणां आठवत नाय." खोटं बोलली की खरं, कळलं नाही. येते म्हणाली नाही, येत नाहीही म्हणाली नाही.

७ मे
सकाळी आईने विचारलं, "काय म्हनली?" भरत म्हणाला, "येते म्हणाली."
आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मला माझीच लाज वाटते.
आई आंघोळ करून ओट्यावर बसलीय. तीन वर्षांनी गातेय. एक ओळ म्हणते, संगीच्या सुरापुरती थांबते, मग पुढची ओळ घेते. लग्न परवापासून.