तुमचे जॉइंट आणि माझे चार बाइट

बाबा, गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, नेटवर्क कार्डाने पॅकेट एकदा तपासलं की ड्रायव्हरने त्याचा चेकसम पुढे कशाला न्यायचा? टाकून देऊ ना." मी तिला समजावून सांगितलं, अगदी अधिकाराने. घरी आले आणि तुम्हीच डोळ्यांसमोर आलात. मुलुंडच्या त्या औषधांच्या कारखान्यात उकिडवे बसून स्वतःच जोडलेल्या केबलचे जॉइंट कापत होतात.

टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन तुम्हाला वर्ष झालं नव्हतं. मी अंधेरीच्या एका लहान कंपनीत होते. कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यामधला प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, तो मी लिहिते, असं सांगितल्यावर तुम्ही म्हणाला होतात, "आमच्या घराण्यातलो पयलो ड्रायव्हर, तोय चेडू!" त्या कारखान्यातले अकरा कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं काम आमच्या कंपनीला मिळालं आणि केबलचं काम करणारा माणूस हवा होता. तुमचं नाव मीच सुचवलं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून गेलात आणि प्रत्येक जॉइंट हाताने ओढून पाहिलात, जसे आयुष्यभर पाहत आलात.

पंधरा दिवसांनी तक्रार आली. वजनखोलीतून पाठवलेली वजनं ऑफिसात कधीकधी भलतीच पोचत होती. औषधाचं मिश्रण त्यावर चालायचं, म्हणजे चूक साधी नव्हती. तिथला इंजिनीयर माझ्याच वयाचा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, जॉइंट कच्चे आहेत. टेलिफोनवर खरखर चालते, इथे नाही चालत." तुम्ही एवढंच म्हणालात, "साहेब, माझो जॉइंट सुटाचो नाय." मग पक्कड काढून एकेक कापायला बसलात. मी शेजारी टॉर्च धरून उभी होते.

केबल बरी की वाईट, हे दाखवणारी एकच गोष्ट होती आणि ती मीच फेकून दिली होती. पाठवणारा कॉम्प्युटर मजकुरावरून एक आकडा काढून पॅकेटच्या, म्हणजे तारेतून जाणाऱ्या मजकुराच्या तुकड्याच्या, शेवटी जोडतो, चार बाइटचा; तोच चेकसम. घेणाऱ्याने तेच गणित पुन्हा करायचं. जुळलं नाही तर मजकूर वाटेत बिघडला. आमचं कार्ड ते तपासत होतं, म्हणून ड्रायव्हरमध्ये मी ते चार बाइट कापून टाकायची. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी नीटनेटकेपणा अंगात मुरवला होता, नको ते पानावर ठेवायचं नाही. पण कार्ड नवं, आमच्याच कंपनीचं. त्याच्या शब्दावर कारखाना का विश्वास ठेवेल? तक्रार आल्यावर आमच्या कंपनीतल्या सरांनी विचारलं, "चेकसम कुठाय?" मी म्हटलं, "कापला, सर." ते डोक्याला हात लावून म्हणाले, "वाट लावलीस गं! आता सांगणार कसं कोणाचं चुकलं ते?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही मुलुंडला उरलेले जॉइंट करत होतात आणि मी अंधेरीत चेकसम परत ठेवत होते. संध्याकाळी तो प्रोग्राम घेऊन कारखान्यात आले. एकदा कार्डावरच गणित केलं, एकदा मजकूर कॉम्प्युटरच्या मेमरीत उतरवल्यावर. कार्डावर दर वेळी जुळलं. मेमरीत तीनदा जुळलं नाही. म्हणजे तारेतून सगळं धड येत होतं. माझा ड्रायव्हर एक पॅकेट उतरवून घेत असताना दुसरं आलं, की पहिल्याचं शेपूट माझ्या हातून बिघडत होतं. आमच्या ऑफिसात दोनच कॉम्प्युटर, तिथे हे कधी दिसलंच नव्हतं.

कांजूरमार्गला घरी पोचल्यावर सांगितलं तुम्हाला. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "मगे तो आकडो तू फेकलंस कित्याक?"

"तपासून झाल्यावर मला तो नको होता, बाबा."

"तुका नको होतो. माका हवो होतो."

आवाज चढवला नाहीत. त्यानंतर मी जिथे जिथे काम केलं तिथे चेकसम शेवटपर्यंत नेला. लोक म्हणतात, मॅडम फार काटेकोर. त्या मुलीलाही मी हेच सांगितलं, की चूक आपली नाही हे ज्याला दाखवायचं असतं, त्याच्यासाठी तो ठेवायचा. कोणासाठी, ते नाही सांगितलं.

पण हे पत्र आहे ते घरी तुम्हाला सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवसाबद्दल. मी कारखान्यात सुधारलेला ड्रायव्हर टाकला, सकाळभर एकही वजन चुकलं नाही. इंजिनीयर खूश. तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बघा काका, नीट केलेत तर चाललं ना!" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. सर चहा प्यायला बाहेर गेले होते. बोलणारी मी एकटीच होते आणि पुरावा माझ्या पर्समध्ये, फ्लॉपीवर होता. तुम्ही पक्कड पिशवीत टाकलीत. कारखान्याच्या पुढच्या कामाला दुसरा माणूस आला.

त्या इंजिनीयरला पत्र लिहीन, असं तुम्ही होतात तोवर दर वर्षी ठरवत होते. आता हे तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही ते वाचणार नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हा मी पर्समध्ये वाकून काहीतरी शोधत होते ना, ते काही शोधत नव्हते, बाबा.