पट्टीवरचे अकरा सेंटिमीटर

पंपघर, तळ्याकाठी
दि. ६ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

चि. प्रश्नपत्रिकेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्यावर तारीख नाही. पर्यावरणशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, आणि तारीख नसलेला कागद म्हणजे रद्दी हे मामाने सांगावं लागतं? ताईच्या कानावर घालणार आहे.

आता मुद्द्याचं. तुझे सर म्हणतात, पंपवाल्याच्या वह्या प्रकल्पाला पुरावा म्हणून चालणार नाहीत, पाणीखात्याचा छापील, शिक्क्याचा तक्ता आण. वाचता वाचता माझा चहा निवला. अगं, त्या तक्त्यात आकडा येतो कुठून? रोज सकाळी सहाला मी तिसऱ्या पायरीवर पोटावर झोपतो, डोळे पाण्याच्या रेषेत आणतो, भिंतीत ठोकलेली पाणी मोजायची पट्टी वाचतो, वहीत लिहितो आणि कचेरी उघडली की कारकुनाला फोनवर सांगतो. तेच तो छापतो. रविवारी कचेरी बंद, म्हणून शनिवारचाच आकडा रविवारवरही ठोकून देतो. माझ्या वहीत खरा रविवार आहे. अठरा वर्षांचे सगळे. तू नेलेल्या झेरॉक्सवरून ताडून बघ आणि सरांच्या टेबलावर ठेव.

मला कोणी शिकवलं नाही, जे येतं ते माझं मी शिकलो. उभ्याने पट्टी वाचली की दोन सेंटिमीटर चुकतात, हे त्यांच्या कुठल्या पुस्तकात आहे तेवढं विचार.

राग सरांवर आहे. तुझ्यावरची माया होती तिथेच आहे, ती तूही हलू देऊ नकोस.

तुझा मामा


मुलींचं वसतिगृह, वरचा मजला
दि. ११ फेब्रुवारी, सायंकाळी ५.४०, वारा नाही

ती. मामांना सा. न. वि. वि.

तारीख, वेळ, वारा, सगळं लिहिलंय. आईकडची तक्रार मागे घ्यावी.

रविवार ताडले. तक्त्यात एकूण एक रविवार शनिवारसारखा. सरांना दाखवलं, तर त्यांनी चष्मा पुसून एकेक रविवार स्वतः पाहिला. मग त्यांनी तुमच्या आठव्या वहीची झेरॉक्स उघडून एका जागी बोट ठेवलं. चौदा मार्चला १८६, पंधराला १७५. अख्खं तळं एका रात्रीत अकरा सेंटिमीटर उतरेल कसं, असं त्यांनी विचारलं. तक्त्यातही तेच, कारण तो तुमच्याच आकड्यांचा. मग सर म्हणाले, दोन्ही बाजूला ठेव आणि पुढच्या वर्षी दुसरा विषय घेऊन ये. हा माणूस घरी बसून आकडे भरत असेल, असंही म्हणाले. त्यावर मी जे बोलले त्याबद्दल मला माफीपत्र लिहून द्यावं लागलं. हे आईला कळू देऊ नका.

अठ्ठावीसपर्यंत मुदत आहे. नाहीतर वर्ष गेलं, आणि बाटल्या भरणारा कारखाना आल्यापासून तळं बावन्न सेंटिमीटर खाली गेलंय, हे माझ्या तोंडून कोणी ऐकणारच नाही.

मामा, त्या दिवशी काय झालं होतं? राग आला तरी सांगा. तुमच्या शेजारी त्या पायरीवर झोपूनच मी पट्टी वाचायला शिकले, म्हणून विचारायचं धाडस करतेय.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर असावं.

तुमची प्रश्नपत्रिका


पंपघर
दि. १६ फेब्रुवारी, सकाळी ६.४०, वारा बेताचा

चि. प्रश्नपत्रिकेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी जेवायलाही पंपघरातून हललो नाही. तुझ्या मामीने विचारलं, पंप बिघडलाय की माणूस. घरी बसून आकडे भरतो म्हणे! अंगात ताप असताना मामीच्या खांद्याचा आधार घेऊन पायऱ्या उतरलोय मी.

सरांना खोटं पाडायला आठव्या वर्षाचं पान काढलं. त्या आकड्यापुढे काही लिहिलेलं नाही. आणि मला मात्र सगळं आठवतंय. लाकडी पट्टी कुजली होती, गवंड्याने त्या दिवशी शेजारी लोखंडी बसवली. खालचा दगड ठिसूळ निघाला म्हणून ती थोडी वर घेतली. पाणी तिथेच राहिलं, आकडा उतरला. तेव्हापासून जुन्याशी ताडताना मी मनातल्या मनात अकरा मिळवतो. लिहून ठेवलं नाही, कारण वही मीच लिहिणार आणि मीच वाचणार. दुसरं कोणी ती कधी उघडेल असं मला वाटलंच नव्हतं.

तेव्हा त्या एका आकड्यापुरतं सरांचं बरोबर आहे. हे वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला.

जुनी पट्टी मी टाकलेली नाही, पंपघरात तिची फळी करून वर ग्रीसचा डबा ठेवलाय. काल ती खाली नेली. भिंतीतल्या जुन्या भोकांवर तिची भोकं बरोबर बसली. नवीशी फरक अकरा सेंटिमीटर, वर दोन मिलिमीटर. कारखाना नव्या पट्टीच्या आधी आला, म्हणजे तुझे बावन्न चुकीचे, चाळीस पूर्णांक आठ खरे. कमी झाले म्हणून हिरमुसू नकोस. हे कोणाच्या बापाला खोडता येणार नाहीत.

अठराही वह्यांत मी आता शेऱ्याचा रकाना आखतोय. नऊ झाल्या.

पण घरी बसून आकडे भरतो, हे मी सोडणार नाही. सरांना घेऊन ये, अठ्ठावीसच्या आत, सकाळी सहाला. दोन्ही पट्ट्या त्यांनी स्वतः ताडाव्यात, त्या दिवशीचा आकडा माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहावा आणि शेऱ्यात सही करावी. उभ्याने वाचू देणार नाही. तिसऱ्या पायरीवर शेवाळ फार आहे, शर्ट जुना घालायला सांग.

येताना तूही जुनेच कपडे घाल, आणि मामावर जीव आहे तेवढा असू दे.

तुझा मामा