शुक्रवारची मुलाखत

२ जून, सोमवार

दूध उतू गेलं. समोरच उभी होते, बघत होते, तरी गेलं.

सकाळी जनादादा आला. कामतघर वस्तीत घर त्याचं, खाली कापडाचे लूम, वर संसार. त्याची प्राची सुधीरच्या क्लासला होती, गणिताला. सुधीर वारला, घरात मी एकटी उरले, क्लास बंद झाला, बाकीची मुलं दुसरीकडे गेली. ही मात्र येते. कधी भाजी ठेवून जाते, कधी नुसती बसते.

प्राची लेखी परीक्षेत पास झाली. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स, मोठं बिझनेस स्कूल, तिथंच राहायचं. आता मुलाखत.

"सर असते त सरांनाच इचारलं असतं. आता तुमी सांगा म्याडम. चान्स हाय का न्हाय?"

म्हटलं, मी मराठी शिकवते, जनादादा.

"मंग मराठीतच सांगा."

विचारण्याचं कारण नंतर निघालं. कोन गावच्या एका घरातून प्राचीला मागणी आलीय. गोडाऊनवाले. त्यांना आषाढ लागायच्या आत सुपारी फोडायची आहे. "चान्स आसंल त त्यांना थांबा सांगतो. नसंल त हो सांगतो. मना अधलंमधलं काय समजत न्हाय."

विचार करून सांगते म्हटलं. तो गेल्यावर लक्षात आलं, चहासुद्धा विचारला नाही.

३ जून

सुधीर काय म्हणाला असता ते माहीत आहे. "लागेल." सगळ्या मुलांना तेच सांगायचा. गेल्या वर्षी कुणाचाच नंबर लागला नाही, तेव्हा मी चिडले होते. कशाला आशा लावतोस पोरांना? तर म्हणाला, "नाही लागणार हे सांगायला अख्खी भिवंडी आहे."

आठवलं आणि आत काही हललं नाही. शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीतून ऐकू यावं तसं.

५ जून

प्राची आली. मुलाखतीची तयारी घ्या म्हणते. इंग्रजीत बोलायची सवय नाही, समोर कुणी बसलं की गणितसुद्धा विसरते. पुढच्या खोलीत बसू या का, तिनं विचारलं. ती क्लासची खोली. बाक तसेच आहेत.

म्हटलं, नको. मीच येते तुझ्याकडे.

का, हे तिनं विचारलं नाही. शहाणी आहे.

८ जून, रविवार

कामतघर. रिक्षातून उतरल्यापासूनच बोलणं बंद करावं लागतं, इतका आवाज. वर त्यांच्या खोलीत जमीन बारीक थरथरत असते. पाण्याच्या तांब्यात वलयं. त्यांना कुणालाच ते जाणवत नाही.

मी मुलाखत घेणारी झाले. 'स्वतःबद्दल सांग' विचारलं. तिचे ओठ हलले, मला काही ऐकू आलं नाही. म्हटलं, मोठ्यानं. अजून मोठ्यानं. तास-दीड तास हेच.

भारती, तिची आई, दारातून बघत होती. "घरात त एवढी वरडते, तुमच्यासमोर कशी मांजर झाली बगा."

"आई, तू जा ना."

"जाते बाई. उद्या त्या कोनवाल्यांच्या घरात अशीच मांजर बनून रव्ह."

प्राची हसली नाही. खाली येताना जिन्यात म्हणाली, "मुलगा बरा आहे, काकू. एकदा आला होता घरी. नीट बोलला. वाईट असता तर सोपं झालं असतं."

१० जून

रात्री जेवले की नाही आठवत नाही. भांडं घासलेलं आहे, म्हणजे जेवले असणार.

११ जून

माहिती काढायला बसले. इंटरनेटवर मुलंच एकमेकांना विचारतात, माझे इतके मार्क, अमुक बोर्ड, वडील अमुक, मला चान्स आहे का? आणि अनोळखी मुलं खाली सांगतात. तुझं होईल. तुझं कठीण. तू पुढच्या वर्षी बघ. कुणी कुणाला पाहिलेलं नाही. एकानं लिहिलंय, घरी कुणाला विचारायला नाही म्हणून इथं विचारतो. त्याला कुणीच उत्तर दिलेलं नाही.

प्राचीचं असं : गणित उत्तम. इंग्रजी काठावर. दहावी चांगली, बारावी बरी. वक्तृत्व, खेळ, समाजसेवा, असलं सांगण्यासारखं काही नाही. लूमचा हिशोब बघते, पण त्याचं कुठं सर्टिफिकेट मिळतं? सगळं मुलाखतीवर.

माझा अंदाज : कमी.

दुपारी दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. कथा कधी देताय. देते म्हटलं. कोणती, हे त्यांनी विचारलं नाही, बरं झालं.

१४ जून

मुलाखत घरबसल्या, लॅपटॉपवर. दिवस आपण निवडायचा आहे. प्राची, तिचे पप्पा, मी, तिघांनी मिळून एकमतानं शुक्रवार निवडला. शुक्रवारी लूम बंद. कामतघर शांत असतं तेव्हाच बोलता येईल.

इतकं पटकन एकमत झालं की बरं वाटायला हवं होतं.

१८ जून

शेवटचा सराव. आज मला तिचं प्रत्येक वाक्य ऐकू आलं, लूम चालू असताना. मान ताठ, आवाज खणखणीत. शाबास म्हटलं. बऱ्याच दिवसांनी हा शब्द तोंडून निघाला.

२० जून, शुक्रवार

लिहून ठेवते, नाहीतर उद्या पुसट होईल.

मुलाखतीत खोलीत दुसरं कुणी नको, असा नियम. प्राची आत, दार लावून. मी, भारती, जनादादा स्वयंपाकघरात. खाली लूम बंद. कामगार जिन्यावर बसलेले, कुणी दाढी करतोय, कुणी गावी फोन लावतोय. मी या घरात शांतता पहिल्यांदाच ऐकत होते. पंखा कुरकुरतो तेसुद्धा आज कळलं.

आणि आतून आवाज आला. "गुड मॉर्निंग सर, गुड मॉर्निंग मॅडम." अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

एक क्षण मला वाटलं, ती कुणावर तरी ओरडतेय. मग कळलं. ती तेवढ्याच आवाजात बोलत होती जेवढ्या आवाजात मी तिला बोलायला शिकवलं होतं.

"माय नेम इज प्राची." भिंत ओलांडून येणारं. जनादादा उठला, बसला. भारती दाराकडे निघाली, मी तिचा हात धरला. दार उघडलं तर सगळंच संपेल.

जिन्यातून इम्तियाज वर आला. त्यांचा जुना कारागीर. दबक्या आवाजात म्हणाला, "सेठ, दीदी किससे झगड़ रही है?"

"कालिज से," जनादादा म्हणाला.

"जीत रही है?"

मला हसू आलं नाही, पण कुठून येऊ शकलं असतं ती जागा कळली.

मग आत एकदम शांत. त्यांनी काहीतरी म्हटलं असावं. त्यानंतर तिचा आवाज इतका खाली गेला की दाराला कान लावूनही काही कळेना. तसंच बराच वेळ. मग दार उघडलं.

ती पाणी प्यायली. म्हणाली, आज नका विचारू कुणी.

२१ जून

प्राची सकाळीच आली. सांगितलं सगळं, ओट्याला टेकून उभी राहून, बसली नाही.

सुरुवातीलाच मॅडमनी विचारलं, तू इतक्या जोरात का बोलतेस? तर ही म्हणाली, खाली आमचे लूम आहेत, रोज असंच बोलतो. मग आज लूमचा आवाज का नाही? आज शुक्रवार, बंद असतात. मग शुक्रवार का घेतलास? ही म्हणाली, तुम्हाला माझं नीट ऐकू यावं म्हणून.

"आणि मग?"

"हसले."

"कसे हसले?"

"हसले म्हणजे हसले, काकू. तिघं होते. दोघं हसले, एक लिहीत होते."

पुढं त्यांनी विचारलं, वडिलांचा धंदा आहेच की, बिझनेस शिकायला इतक्या लांब कशाला येतेस? ती म्हणाली, धंदा नाही सर, मजुरीवर विणतो. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं. "ओन्ली नॉइज इज अवर्स."

हे मी शिकवलेलं नव्हतं.

"तेव्हा हसले का?"

"न्हाय." ती घरातली बोली माझ्यासमोर कधी बोलत नाही, आज सुटली. "तेव्हा कोणी काय बोललं न्हाय. मग गणित विचारलं, ते आलं. मग एका प्रश्नाला शब्दच आठवेना, सॉरी म्हटलं. मग थँक यू."

दिवसभर ते हसणं चिवडत बसले. गावठी म्हणून हसले? की आवडली म्हणून? ज्यानं लिहिलं त्यानं काय लिहिलं? माणूस का हसला याचा अंदाज बांधता येत नाही, हसला तेव्हा मी तिथं नव्हते.

सुधीर असता तर लगेच म्हणाला असता, हसले ना, झालं मग.

२२ जून

आवाजाचं राहून राहून येतं. पुढच्या खोलीत बसलो असतो तर ती साध्या आवाजात बोलली असती. तिथं शांत असतं. बाक आहेत, फळा आहे, सगळं आहे. मला तिथं जायचं नव्हतं म्हणून ती ओरडली.

हे लिहिलं तरी डोळ्यांत काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वेळ लागतो. बरं.

२३ जून, सोमवार

जनादादा आला. ह्या वेळी चहा केला. साखर जास्त झाली असावी, बोलला नाही. सोबत प्राची आणि भारती.

"बोला म्याडम. परवा अमावस्या. नंतर आषाढ. मंग थेट तुळशीचं लगीन झाल्यावरच, तवर ते लोक थांबाचे न्हाईत. कालिजचा निकाल पुढच्या म्हैन्यात. मना आजच कायतरी एक सांगा."

म्हटलं, "कमी आहे चान्स, जनादादा. अर्ध्याच्याही खाली."

प्राची खिडकीबाहेर बघत होती. भारतीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तिनं तो तसाच राहू दिला.

"मंग कोनवाल्यांना हो सांगतो."

"नका सांगू."

"आं?"

"थांबायला सांगा त्यांना. नाही थांबले तर नाही."

"चान्स कमी सांगताव आन थांबाया पन सांगताव. ह्यो कुठला हिशोब?"

म्हटलं, तिला काय हवंय ते तिला विचारलंत का?

"इचारलं. बोलते, काकू सांगतील ते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या मुलीनं सगळा भार माझ्यावर टाकला होता आणि खिडकीबाहेर बघत होती. पहिल्यांदा तिचा राग आला. मोठा नाही, पण आला.

"प्राची, इकडे बघ. लागणार नाही असं मला वाटतं. आणि तरी तू निकालापर्यंत थांबावंस असंही मला वाटतं. दोन्ही खरं आहे. आता तू बोल."

ती खिडकीपासून वळली. मग वडिलांना, हळू, आम्हा सगळ्यांना ऐकू येईल एवढ्याच आवाजात : "नाही लागलं तर पुढच्या वर्षी परत देईन, पप्पा."

जनादादानं कप खाली ठेवला. "सर गोड बोलत व्हते, लागंल बोलत व्हते. बरं वाटायचं. तुमी खरं बोलताव आन अडकवताव."

"सरांनी शिकवलं गणित, या बाईनी शिकवलं वरडाया," भारती म्हणाली. "चला आता घरी."

जिन्यापर्यंत भारती हसत होती. जनादादा नाही.

२५ जून, बुधवार

अमावस्या.

जनादादा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कोनला गेला. काय सांगणार, कुणाला सांगितलं नाही. भारतीनं विचारलं तर म्हणाला, जाऊन येतो. स्कूटरला किक मारताना प्राचीकडे एकदा बघितलं, एवढंच.

प्राची दहाच्या सुमारास माझ्याकडे आली. सकाळचं सगळं सांगितलं, घरात बसवत नाही म्हणाली. दोघींनी मिळून गवार निवडली. मधेच ती म्हणाली, "कमी म्हणजे किती, काकू?" म्हटलं, कमी म्हणजे कमी. मान हलवली. पुढची शेंग घेतली.

साडेबाराला तिचा फोन वाजला. पप्पा. ती उठून उभी राहिली, ऐकलं, "हां, हां" म्हणाली, ठेवला.

"काय म्हणाले?"

"घरी ये म्हणाले."

"कुठून बोलत होते?"

"घरूनच. परत आलेत."

"आवाज कसा वाटला?"

"खाली लूम चालू होते, काकू. काही कळलं नाही."

चपला घालून दारात थांबली. तुम्ही येता का, असं विचारलं नाही, पण निघालीही नाही.

गवार तशीच टाकून तिच्याबरोबर निघायला कुलूप शोधतेय. सापडत नाही. पुढच्या खोलीत असेल, जाऊन बघते.