बरं म्हणजे?

अकोला

प्रिय रागिणी,
सप्रेम जय भीम.

आईचं पत्र पाहून दचकू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. अक्षर हललंय ते आनंदाने. देवमनजींनी मला लग्नाचं विचारलं, हे परवा फोनवर सांगितलं खरं, पण त्यातली खरी गंमत राहूनच गेली. ती सांगितल्याशिवाय मला काही घास गोड लागायचा नाही.

ते आठवतात ना तुला? विहारात रविवारी वंदनेनंतर सतरंज्यांच्या घड्या घालतात, ते एसटीतून निवृत्त झालेले. तुझ्या बाबांसारखीच त्यांची बायकोही आजारात गेली. त्या दिवशी बाजारात वांगी निवडताना भेटले आणि म्हणाले, "बाई, तुमी एकट्या, मी बी एकटा. दोघायच्याबी घरी भाजी उरते. एकाच घरी केली तं?" मला वाटलं, डब्याचं बोलताहेत. तर पुढे म्हणतात, "लग्नाचं इचारून राहिलो मी." भाजीवाली कान देऊन ऐकत होती गं! आणि मी काय म्हणाले असेन? "बरं."

अख्खी नोकरी बार्शीटाकळीच्या दवाखान्यात हाच शब्द ऐकण्यात गेली माझी. सकाळी कसं वाटतंय विचारलं की प्रत्येक खाटेवरून "बरं." ज्याला पेरणीसाठी घरी पळायचं असे, त्याचं बरं ताप उतरण्याआधीच यायचं. सासू उशाशी बसलेली असली की सुनेचं बरं जमिनीकडे बघत यायचं. सुयांना कंटाळलेल्या म्हाताऱ्याचं बरं म्हणजे, आता छळू नका. आणि खरोखर बरा झालेला माणूस बरं म्हणतच नसे, तो सरळ विचारायचा, "सिस्टर, चहा भेटन का?" नव्या मुलींना मी सांगायची, शब्दावर जाऊ नका, तोंडाकडे बघा.

स्वतःचं बरं मात्र मी कधी तपासलं नाही. वडिलांनी मुलगा दाखवला, तेव्हा मान वर करायच्या आधीच बरं म्हणून मोकळी झाले. तुझे बाबा फार चांगले निघाले, हे माझं नशीब. वॉर्ड बदलला, बरं. सणाच्या दिवशी रात्रपाळी लागली, बरं. बाबा गेल्यावर तू म्हणालीस, आई, अमरावतीला माझ्याकडे राहायला ये. तेव्हाही बरं म्हणाले आणि अकोल्यातच राहिले! ते बरं म्हणजे नाही होतं, हे तुला कळायला दिवाळी उजाडली. किती चिडली होतीस.

आणि इथे हा माणूस हातात वांगं धरून उभा. "बरं मंजे? हाव का नाई? मले समजलं नाई, बाई. नाई असन तं नाई म्हना, मी भाजी घेऊन घरी जातो." मला आधी हसू आलं आणि मग डोळेच भरून आले. माझं बरं ऐकून आजवर कुणी थांबलंच नव्हतं, रागिणी! सगळे आपल्याला हवा तो अर्थ घेऊन पुढे जायचे. मी म्हणाले, "हाव." चांगलं मोठ्याने. भाजीवालीने दोन वांगी वरून टाकली आणि मला इतकी लाज वाटली की कोथिंबीर तिथेच विसरले.

बुद्धपौर्णिमेच्या आसपास विहारातच साधेपणाने करायचं ठरतंय. पांढरी साडी बघून ठेवली आहे, निळ्या काठाची.

आता तुझं. परवा माझं सांगून झाल्यावर तू म्हणालीस, "बरं", आणि फोन ठेवलास. तेव्हापासून मी ते बरं उलटसुलट करून बघते आहे. ना ते पेरणीवाल्याचं, ना सुनेचं, ना म्हाताऱ्याचं. फोनवर तोंड दिसत नाही ना गं. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं असतं तर तू अंगठा पाठवला असतास, तो तर बरंचाच धाकटा भाऊ! म्हणून हे पत्र. माझं हाव मी मागे घेणार नाही, ते आधीच सांगते. पण त्या दिवशी तू माझ्या शेजारी बसावंस, असं मला फार वाटतं. रविवारी ये. बाबांच्या आठवणीने राग आला असेल तर रागाव, रड, भांड, तोंडावर नाही म्हण. मी चहा टाकेन आणि सगळं ऐकेन. फक्त बरं म्हणू नकोस. आपल्या दोघींच्या वाटचं मी एकटीनेच म्हणून झालं आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई